मराठी अंकाच्या साइटसाठी स्वयंचलित टेस्ट : बडोद्यातला आमचा अनुभव आणि दोन अडचणी

सुरसागरकाठी · ७ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक गेली काही वर्षं वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) निघतो. लेख मराठीत, थोडे गुजरातीत. साइट सांभाळणारे आम्ही तिघं, तिघांच्याही नोकऱ्या वेगळ्याच क्षेत्रात. अंकाची अनुक्रमणिका, लेखकांची पानं आणि पहिल्या पानावरचे लेखांचे उतारे यांसाठी आम्हीच लिहिलेलं एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे.

गेल्या दिवाळीत ऐन धनत्रयोदशीला होस्टिंगवाल्यांनी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ वरून ८.१ वर नेलं. रात्री साडेअकराला एका लेखिकेचा फोन आला, "माझं पान पांढरं दिसतंय." कारण सापडेपर्यंत पहाट झाली. त्यांचा लेख अजून चढवायचा होता, म्हणून त्यांच्या पानासाठी लेखांची यादी मागितली की आमच्या प्लगइनला रिकाम्या यादीऐवजी नल (काहीच नाही) मिळत होता आणि आम्ही त्यावर काउंट, म्हणजे मोजणी, चालवत होतो. ७.४ मध्ये याची नुसती वॉर्निंग येते. ८.० पासून टाइपएरर येतो आणि पान तिथेच बंद पडतं. ओळ दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली, शोधायला सहा तास. एका लेखिकेने दिवाळीच्या दिवसांत स्वतःचं नाव पाहायला पान उघडावं आणि तिथे काहीच नसावं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढचा अंक टेस्टशिवाय, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय, काढायचा नाही असं तेव्हाच ठरवलं.

मांडणी अशी केली. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड देऊन वर्डप्रेस हाताळायच्या साधनात 'स्कॅफोल्ड प्लगइन-टेस्ट्स' ही कमांड आहे. ती प्लगइनच्या फोल्डरमध्ये पीएचपीयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाची सेटिंगची फाइल, सुरुवातीची जुळवाजुळव करणारी बूटस्ट्रॅप फाइल, नमुन्याची एक टेस्ट आणि वर्डप्रेसचा टेस्ट-संच उतरवून घेणारी स्क्रिप्ट ठेवते. स्क्रिप्टला डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, होस्ट आणि वर्डप्रेसची आवृत्ती याच क्रमाने द्यायची. त्यानंतरची सोय मला फार आवडली. प्रत्येक टेस्टच्या आधी डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन सुरू होतं, टेस्ट संपली की रोलबॅक, म्हणजे केलेले बदल रद्द. फॅक्टरीकडून (नमुन्याचा मजकूर बनवणाऱ्या भागाकडून) दहा खोटे लेख बनवून घ्या, पुढच्या टेस्टला पाटी पुन्हा कोरी.

दोन ठिकाणी माझा बराच वेळ गेला, कोणाचा तरी वाचेल म्हणून लिहिते. ही स्क्रिप्ट सगळं सामान टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवते. मशीन बंद करून चालू केलं की ते फोल्डर रिकामं होऊ शकतं आणि दुसऱ्या दिवशी 'फाइल सापडत नाही' म्हणून सगळं अडतं. टेस्ट-संचाची आणि वर्डप्रेसची जागा सांगणारी दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (मशीनवरच्या सेटिंग) आपल्या कायमच्या फोल्डरकडे वळवली की झालं. दुसरं म्हणजे वर्डप्रेस ५.९ पासून या संचाला योस्ट कंपनीचं पॉलिफिल्स पॅकेज (पीएचपीयुनिटच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांशी जुळवून घेणारं) लागतं, ते कंपोझर या पॅकेज आणणाऱ्या साधनाने आणायचं. जुन्या माहितीत दिसणारं 'सेटअप' हे प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या मेथडचं नाव आता मधे अंडरस्कोअर देऊन लिहायचं.

हे सगळं कोणाच्या घरच्या मशीनवर ठेवायचं नाही हे आधीच पक्कं होतं. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची चाचणीची प्रत ज्याच्या घरी होती तिथे वीजच नव्हती. म्हणून टेस्ट गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब साइटच्याच मशीनवर, चालतात, पीएचपी ७.४, ८.१ आणि ८.३ अशा तीन आवृत्त्यांवर.

आता अडचणी.

पहिली उताऱ्याची. आधी आम्ही सबस्ट्र हे बाइट मोजून मजकूर कापणारं फंक्शन वापरून शंभर बाइट कापत होतो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, मधली मोकळी जागा एक बाइटची, त्यामुळे कधी उतारा नीट यायचा, कधी शेवटी चौकोन. मग बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी-सबस्ट्र लावलं, तर चौकोन गेले पण 'क्ष'चा 'क्' उरायला लागला. म्हणून पूर्ण अक्षरगट मोजणारं ग्राफीम-सबस्ट्र लावलं. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट पास होते, गिटहबवर तीच टेस्ट नापास. कोड तोच, शब्द तोच. असं का?

दुसरी लेखांच्या वेब-पत्त्यांची. 'बडोद्यातील जुन्या वाड्यांच्या आठवणी' अशी लेखमाला आहे. भाग १ आणि भाग २ यांचे पत्ते शेवटी अर्धवट तुटतात, आणि दोन्ही वेगवेगळे तुटतात. टेस्टमध्ये काय अपेक्षित धरावं तेच कळत नाही.

---

रामबाग_इंदूर · ७ जून, रात्री १०.१५

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं जाणकार देतील. मी आधी एक इशारा देतो, कारण हे वाचून कोणीतरी आज रात्रीच स्क्रिप्ट चालवायला बसेल.

हा टेस्ट-संच सुरू होताना दिलेल्या डेटाबेसमधली, दिलेल्या प्रिफिक्सची (टेबलांच्या नावाआधीच्या खुणेची) टेबलं उडवतो आणि नव्याने बनवतो. सेटिंगच्या फाइलीत तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही असतं. मूळ प्रिफिक्स वेगळा असतो म्हणून बरेच जण वाचतात. आमच्या ओळखीच्या एका संस्थेत कोणीतरी 'साइटसारखंच असू दे' म्हणून प्रिफिक्स साइटचाच लावला, आणि डेटाबेसही साइटचाच दिला. पाच सेकंदांत अकरा वर्षांचे लेख गेले. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून परत मिळाले. त्या दिवशी सकाळी आलेले वाचकांचे अभिप्राय मात्र गेले ते गेलेच.

टेस्टसाठी डेटाबेस वेगळा हवाच, शिवाय युजरही वेगळा करा आणि त्याला त्या एकाच डेटाबेसचे अधिकार द्या. म्हणजे चूक करायची म्हटली तरी करता येणार नाही.

---

अलकापुरीतला_कोडर · ८ जून, सकाळी ८.०५

पत्त्यांचं सांगतो, कारण हे गणित मी हाताने मांडून पाहिलंय.

वर्डप्रेसमध्ये लेखाचा पत्ता ज्या रकान्यात राहतो त्याची लांबी २०० आहे. मराठी चिन्ह तिथे जसंच्या तसं न जाता टक्क्याच्या खुणा लावून जातं. तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन जागा, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. हिशेब मांडा : २०० मध्ये जेमतेम २२ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, काना, मात्रा, हलंत सगळे स्वतंत्र मोजले जातात.

आता तुमचं शीर्षक घ्या. 'बडोद्यातील' मध्ये १० चिन्हं, 'जुन्या' मध्ये ६. झाल्या १४४ जागा, दोन आडव्या रेघांच्या २, एकूण १४६. उरल्या ५४, त्यात आणखी ६ चिन्हं बसतात : 'वाड्या'. पुढचा अनुस्वारसुद्धा मावत नाही. म्हणून भाग १ चा पत्ता 'बडोद्यातील-जुन्या-वाड्या' इथे संपतो. भाग २ चंही तेच होतं, पण तो पत्ता आधीच घेतलेला, म्हणून वर्डप्रेस शेवटी रेघ आणि दोनचा आकडा जोडतं. त्यासाठी जागा करायला आधी एक चिन्ह काढतं, आणि ते असतं शेवटचा काना. राहतं 'वाड्य', रेघ, दोन.

वर्डप्रेस ठरल्याप्रमाणेच वागतंय. इंग्रजी शीर्षकाला २०० जागा पुष्कळ होतात, म्हणून त्यांच्या टेस्टमध्ये आपला त्रास उमटत नाही. तुमची टेस्ट अशी असावी : शीर्षक टक्क्यांच्या रूपात २०० च्या पुढे जात असेल आणि संपादकाने हाताने छोटा पत्ता दिलेला नसेल, तर प्रकाशित करण्याआधी सूचना दिसलीच पाहिजे. 'वाड्या-भाग-२' एवढा पत्ता पुरे.

---

पानसुपारी · ८ जून, दुपारी १.३०

वाचतोय. मी सुरतेजवळच्या एका मंडळाचं काम पाहतो, कोड लिहिणारा नाही. प्रश्न मनापासून विचारतो. वर्षाला एक अंक, माणसं तीन. एवढी यंत्रणा उभी करण्यापेक्षा अंक निघण्याआधी दोन जणांनी बसून सगळी पानं उघडून पाहिली तर चालणार नाही का? आणि या टेस्ट चालताना लेखकांना चुकून ईमेल तर जाणार नाहीत?

---

सुरसागरकाठी · ८ जून, रात्री ९.१०

@रामबाग_इंदूर, युजर वेगळा करायचं माझ्या मनातही आलं नव्हतं, आज केला. @अलकापुरीतला_कोडर, मी कागदावर पुन्हा मोजलं, बरोब्बर 'वाड्या'वरच आलं. फार आभार.

@पानसुपारी, ईमेल जात नाहीत. टेस्ट-संचात टपाल पाठवणारा भाग खोटा असतो, तो पत्र स्वतःकडेच ठेवतो आणि आपण त्यातला मजकूर तपासू शकतो.

पानं उघडून पाहण्याबद्दल. आम्ही तेच करत होतो, आणि अंक निघण्याआधी सगळी पानं पाहिलीही होती. पीएचपी बदललं ते नंतर. माणूस एकदा पाहतो, दोनदा पाहतो, पण दर आठवड्याला तीच ऐंशी पानं कोणी पाहत नाही, आणि आपल्या घरच्यांना ते करायला सांगणंही बरोबर नाही. तुम्ही कोड लिहिणाऱ्या कोणाला तरी चारच टेस्ट लिहायला सांगा : लेख नसलेल्या लेखकाचं पान उघडतं का, अनुक्रमणिकेत क्रम बरोबर येतो का, उतारा शब्द मधे तोडत नाही ना, आणि शोधलेलं सापडतं का. आमच्याही सुरुवातीला एवढ्याच होत्या.

---

तिठ्यावरचा_दिवा · ९ जून, सकाळी ७.२०

ग्राफीमचं बहुधा असं असेल. 'क्ष' हे एक अक्षर आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत, पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या जागतिक मानकाच्या) अक्षरगट पाडण्याच्या मूळ नियमात हलंतानंतर तोडायला परवानगी होती. देवनागरी, गुजराती, बंगाली अशा लिप्यांची जोडाक्षरं एकत्र ठेवण्याचा नियम १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, आला. पीएचपी हे काम आयसीयू या युनिकोडचे नियम चालवणाऱ्या लायब्ररीकडून करून घेतं. तुमच्या लॅपटॉपवर नवी आणि गिटहबच्या मशीनवर जुनी असेल तर उत्तरं वेगळी येणारच. दोन्हीकडे आवृत्ती छापून बघा.

तरी माझं मत, उतारा अक्षरांवर कापूच नये. वर्डप्रेसचं शब्दांवर कापणारं फंक्शन आहे, काही सांगितलं नाही तर ५५ शब्द ठेवतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागेला आयसीयू लागत नाही.

---

सुरसागरकाठी · ९ जून, रात्री १०.००

अगदी तसंच निघालं, दोन्हीकडची आवृत्ती वेगळी. शब्दांवर कापायला सुरुवात केली, तिन्ही पीएचपींवर हिरवं, म्हणजे टेस्ट पास. गुजराती उताऱ्यांचा त्रासही त्याच फटक्यात गेला.

---

खिळेकाम · १० जून, सायंकाळी ६.४५

मी या विषयातला नाही. रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. नातीने हा धागा वाचून दाखवला आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही हेच तर करायचात. म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे छपाईच्या खिळ्यांचा नवा टाइप आला की आम्ही लेख जुळवायला घेत नसू. आधी एक ठरलेला कागद जुळवायचा, ज्यात अवघड शब्द असत. वाङ्मय, तत्त्व, महत्त्व, उद्ध्वस्त, दृष्टी, शृंगार, ब्राह्मण, आह्लाद, तऱ्हा, कैऱ्या. तो कागद निर्दोष निघाला तरच पुढचं काम. माझ्या वहीत ती यादी अजून आहे.

त्या कागदात दोन वाक्यं नेहमी असत. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली'. पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक एका रफाराचा. तसंच दर्या आणि दऱ्या. तुमची यंत्रं हा फरक सांभाळतात का, एवढं तपासावं.

---

अलकापुरीतला_कोडर · १० जून, रात्री ८.३०

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

हा अर्धा र साठवण्याच्या तीन तऱ्हा प्रचारात आहेत. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलंत. दुसरी, 'र'ला नुक्ता आणि हलंत. तिसरी, साधा 'र', हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा, रुंदी नसलेला जोडक. दिसायला तिन्ही सारखी. पहिली दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत, एनएफसी (समान रूपं एका रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत) केलं की एक होतात. तिसरी तशी एक होत नाही. वर्डप्रेसचा शोध डेटाबेसमध्ये लाइक ही जुळवून पाहण्याची क्रिया वापरून चालतो आणि ते एकेक चिन्ह जुळवत जातं. म्हणजे लेखकाने एका कीबोर्डवर 'दुसऱ्या' लिहिलं आणि वाचकाने दुसऱ्या कीबोर्डवर तेच शोधलं तर समोरचा लेख सापडत नाही.

'ॲ'चंही तेच : स्वतंत्र चिन्ह, किंवा 'अ' आणि वर चंद्र, किंवा मधे तो जोडक. एनएफसी यातलं काहीच एकत्र करत नाही.

ताई, एक शंका. वर्डमधून चिकटवलेल्या लेखांतला कचरा तुमचं प्लगइन काढतं का? त्यात रुंदी नसलेली चिन्हं सरसकट पुसली जात असतील तर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सगळे आचारी आचार्य होतील.

---

सुरसागरकाठी · १० जून, रात्री ११.५५

आत्ता पाहिलं. पुसतो आहोत. तीन वर्षांपूर्वी मीच ती ओळ लिहिली होती.

काकांची दोन वाक्यं तिसऱ्या तऱ्हेने लिहून टेस्ट चालवली, दोन्ही वाक्यं सारखीच परत आली. जुन्या अंकांत शोधते आहे. एका कवितेत 'दऱ्या'चं 'दर्या' झालंय. कविता डोंगरांची आहे. कवयित्रींनी कधी तक्रार केली नाही, पण त्यांना उद्या फोन करणार आहे.

---

ग्वाल्हेरी · ११ जून, सकाळी ९.००

टेस्ट गिटहबवर ठराविक वेळेला लावल्या असतील तर दोन गोष्टी पाहून घ्या. तिथलं वेळापत्रक यूटीसी या जागतिक वेळेत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, आपल्या रात्री दोनला चालवायचं तर आदल्या दिवशीचे २०.३० लिहायचे. आणि रिपॉझिटरी (कोडचा साठा) सगळ्यांना खुली असेल व ६० दिवस तिच्यात काहीच हालचाल झाली नाही, तर हे वेळापत्रक आपोआप बंद होतं. वर्षाला एक अंक काढणाऱ्यांना हे हमखास लागू. दिवाळीनंतर सगळं शांत, आणि गणपतीत परत कामाला लागाल तेव्हा टेस्ट केव्हाच थांबलेल्या असतील.

यूटीसीवरूनच, अंक नरक चतुर्दशीला पहाटे पाचला प्रकाशित करत असाल तर तारीख छापणारा कोडही तपासा. वर्डप्रेसमध्ये पीएचपीचं साधं डेट फंक्शन यूटीसी धरतं. पहाटे पाच म्हणजे तिथे आदल्या दिवशी रात्रीचे साडेअकरा, अंकावर आदल्या दिवसाची तारीख पडते. वर्डप्रेस ५.३ पासून साइटची वेळ धरणारं डब्ल्यूपी-डेट आहे, ते वापरा.

---

फतेगंज_फाटा · ११ जून, दुपारी ३.४०

ब्राउझरमधून चालणाऱ्या टेस्टबद्दल थोडं. आम्ही डब्ल्यूपी-एन्व्ह (टेस्टपुरती वर्डप्रेस साइट उभी करणारं) आणि प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवणारं) ही साधनं वापरतो. डॉकरच्या डब्यात (मशीनमधल्या बंदिस्त छोट्या मशीनसारख्या जागेत) देवनागरी फॉन्ट नसला की स्क्रीनशॉटमध्ये सगळीकडे चौकोन येतात, आणि चौकोनाची चौकोनाशी तुलना होऊन टेस्ट पास होत राहते. नोटोचे देवनागरी आणि गुजराती फॉन्ट आधी घाला, मगच पहिला स्क्रीनशॉट साठवा. शिवाय प्लेराइट तयार अक्षरं रकान्यात ठेवतं. माणूस इनस्क्रिप्ट कीबोर्डवर किंवा फोनवर टाइप करताना काय होतं ते त्यात येत नाही, ते हातानेच पाहावं लागतं.

---

सुरसागरकाठी · १५ जून, सायंकाळी ५.३०

या आठवड्यात झालेलं काम.

पुसणारी ओळ बदलली. आता 'र', हलंत आणि जोडक हे तिन्ही एकापुढे एक दिसले तर आधी 'ऱ' आणि हलंत करतो, 'अ' आणि चंद्राचा 'ॲ' करतो, मग एनएफसी, आणि बाकीचा कचरा सर्वांत शेवटी. जोडक नसलेल्या 'र्य'ला हात लावायचा नाही, यासाठी वेगळी टेस्ट आहे. लेख साठवताना जो नियम, तोच वाचकाने शोधलेल्या शब्दालाही. 'आचाऱ्यांना' तिन्ही तऱ्हांनी शोधलं, स्वयंपाक्यांचाच लेख येतो.

काकांनी वर दिलेले शब्द एका वेगळ्या फाइलीत ठेवले, फाइलीचं नाव 'खिळेकाम'. प्रत्येक शब्द लेखाच्या मजकुरात, शीर्षकात, उताऱ्यात आणि शोधात असा चार जागी फिरून येतो. आणखी कोणाला वापरायची असेल तर खुली ठेवणार आहे.

एक टेस्ट अजून लाल आहे. प्लगइनने स्वतःचं टेबल बनवलं का हे तपासते, टेबल बनतं, पण टेस्टला दिसत नाही.

---

रामबाग_इंदूर · १५ जून, सायंकाळी ६.१०

टेस्ट-संच नवी टेबलं तात्पुरती म्हणून बनवतो, नाहीतर रोलबॅक मोडेल. तात्पुरती टेबलं डेटाबेसच्या यादीत दिसत नाहीत. यादी मागू नका, त्या टेबलात एक ओळ घालून परत वाचून पाहा.

---

सुरसागरकाठी · १५ जून, सायंकाळी ६.५०

हिरवं झालं. काका, वहीतले उरलेले शब्द मिळतील का? फोटो पाठवलात तरी चालेल.

---

खिळेकाम · १६ जून, सकाळी ८.१५

फोटोत शिशाची पेन्सिल नीट उठत नाही. मी गुरुवारी खंडेराव मार्केटात भाजीला येतो, तेव्हा वहीच घेऊन येईन. मागच्या सहा पानांवर गुजराती जोडाक्षरं आहेत, तीही उतरवून घ्या. ती आमच्या गुजराती जुळाऱ्याने लिहिलेली, त्याचं अक्षर लागलं नाही तर मी वाचून दाखवीन.